तिन्हीसांजेचा सराव

हातात धनुष्य आलं की आमच्या गावचे पुरुष अक्कल घरी ठेवून मैदानावर जातात, हे माझं तीस वर्षांचं मत आहे. पण यंदा त्या गाढवांमध्ये माझा सख्खा भाऊही निघाला, म्हणून सांगतेय.

गेल्या लोसारला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाला, आमचा सामना तांग गावाशी होता. हिवाळ्यात आमच्याकडे साडेतीनलाच ऊन डोंगरामागे जातं. शेवटची फेरी आली तेव्हा दोनशे पावलांवरची लाकडी फळी म्हणजे नुसता एक डाग उरला होता. आमच्या माणसांचे सगळे बाण वाया गेले. तांगच्या बायका फेर धरून गायला लागल्या, "ह्यांना फळी कशाला, गोठ्याचं दार उभं करा गं!" वर्षभर ते कुणाच्याच डोक्यातून गेलं नाही. म्हणून यंदा कप्तान वांगदानं फर्मान काढलं, सराव करायचा तो दिवस मावळल्यावरच.

आणि नवल म्हणजे माझा नवरा नामगे अंधारातच चमकायला लागला. दिवसाउजेडी त्याचे बाण गेल्या पावसाळ्यापासून भरकटत होते. घरी चहा ओतायचा तो वाटीच्या बाहेर. डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय, दाखवून ये, म्हणून मी कानीकपाळी ओरडले. "लोसार होऊ दे," एवढंच उत्तर. आता मात्र रोज संध्याकाळी गडी हसत घरी यायचा. "आज दोन लागले!" मग तीन. कमरेला रंगीत पट्ट्या लटकवून यायचा, फळीला लागलेल्या एका बाणाला एक. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? कित्येक महिन्यांनी तो जेवताना बोलत होता.

मग वांगदानं जाहीर केलं की लोसारच्या सामन्यात अंधार पडला तर शेवटचे दोन बाण नामगेचे. तेव्हा मला त्याचे डोळे आठवले. कारण फळीच्या दोन्ही बाजूंना आमचीच माणसं उभी असतात, हातभर अंतरावर. बाण लागला की नाचायला, चुकला की ओरडून सांगायला. तशी रीतच आहे.

सामन्याला पाच दिवस होते. मी लोणी-मिठाचा चहा आणि कुट्टूची धिरडी घेऊन मैदानावर गेले. धनुष्यांच्या आसपास बायका आलेल्या ह्यांना चालत नाहीत, म्हणून मी बांधाबांधानं फळीच्या टोकाला पोचले. तिथे माझा धाकटा भाऊ दोफू एकटा उभा होता. त्याचं लक्ष नव्हतं.

पलीकडून नामगेनं आरोळी दिली. बाण सूं करत आला आणि फळीपासून चांगला तीन हात, नदीच्या बाजूला चिखलात घुसला. दोफू पळत गेला, बाण उपटला, परत आला आणि बाणाचं टोक फळीवर आपटलं. टक्! "लागलाऽऽ!" असं ओरडून हा घोडा एकटाच नाचायला लागला.

मी त्याचा कान धरला.

"ताई! सोड, दुखतंय!"

"हे काय चाललंय रे?"

"हळू बोल ना! पहिल्या दिवशी दया आली गं. चुकला म्हणून सांगितलं की दाजी नुसते उभेच राहायचे तिकडे. एकदा टक् केलं तर काय हसले! मग परत कसं फिरवू?"

"महिनाभर?"

"सगळे नाही. पाचातले दोन-तीनच."

"वा! हिशेबानं खोटं बोलतोस! आणि सामन्यात फळीजवळ उभं कोण राहणार, तुझा बाप?"

"मीच राहणार," दोफू म्हणाला. "दाजींचे बाण नेहमी नदीकडेच जातात. मी डोंगराच्या बाजूला थांबतो. काही होत नाही."

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. माझ्या माणसाच्या हसण्यासाठी ह्यानं केलं होतं, माझ्याहून जास्त केलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. दोफूच्या शेजारी, डोंगराच्या बाजूला उभी राहिले आणि त्याची बाही मुठीत घट्ट धरली.

"आज पळायचं नाही. काय होईल ते खरं सांगायचं."

"ताई, मला नाही जमणार."

"मग मी ओरडते. बायको फळीपाशी उभी आहे हे कळलं तर काय शोभा होईल ती होऊ दे."

समोर शेकोटीचा ठिपका तेवढा दिसत होता. आरोळी आली. बाण आला, तीन हात नदीकडे पडला. मी बाही ओढली. दोफू ओरडला, "चुकलाऽऽ! तीन हात, नदीकडेऽऽ!"

 पलीकडून कुणीतरी हसून ओरडलं, "नामगे, बाण पोहायला गेला रे तुझा!"

तिरंदाजाला चूक कळली की तो ती सुधारतो, हे तीस वर्षं त्याच्याबरोबर राहून मला कळायला हवं होतं. नाही कळलं. महिनाभर बाण कुठल्या बाजूला चुकतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून बाण नदीकडे जात होते. आज सांगितलं. त्यानं धनुष्य डोंगराकडे वळवलं.

आरोळी ऐकू आली, मग कानाशी वारा लागला, आणि माझ्या पायाजवळ थप्पकन बाण रुतला.  

"आणि हाऽऽ?" नामगे तिकडून विचारत होता. "दोफूऽऽ, हा कुठे गेला?"

आम्ही दोघंही गप्प. तो पुन्हा ओरडला, मग धावतच निघाला. अगदी जवळ आल्यावर त्यानं मला ओळखलं.

"तू? इथे?"

"हो."

त्यानं अंधारात हात फिरवत बाण शोधला. फळीपासून एका बाणाच्या लांबीत पडला तर आमच्याकडे एक गुण धरतात, आणि मोजायचं ते बाणानंच. नामगेनं कमरेतून दुसरा बाण काढला. तो फळीकडे वळलाच नाही. गुडघ्यावर बसून त्यानं माझ्या पायाच्या अंगठ्यापासून जमिनीतल्या बाणापर्यंत मोजलं. अर्धासुद्धा भरला नाही. त्यानं पुन्हा मोजलं. 

"गुण बसतो," तो म्हणाला.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोफू रडत म्हणाला, "दाजी, चूक माझी आहे, मी खोटं—"

"गप रे," नामगे म्हणाला. "तुझ्या टक्-टकनं माझे कान काही फुटले नव्हते. घुसलेल्या बाणाचा आवाज वेगळा असतो."

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडलेच. "महिनाभर?"

"बोललो असतो तर ह्यानं बंद केलं असतं," तो म्हणाला. आम्ही दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. शेकोटीपाशी पोचल्यावर सगळ्यांदेखत त्यानं वांगदाला सांगितलं, "शेवटचे दोन बाण दुसऱ्या कुणाला तरी दे. मला फळी दिसत नाही."