डावऱ्या धारेचा चाकू

शप्पथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. बरं, नव्वद धरा. मधला एक तुकडा कुणीच पाहिलेला नाही, पण मला विचाराल तर तोच जास्त खरा आहे.

तर पेंटरकाका. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि उजवा हात असा स्थिर की हा माणूस शिंकला तरी रेघ सरळच येणार, असं लोक म्हणायचे. काकू गेल्या तेव्हा मागे एक गुलाब उरला, फिकट पिवळा, काकूंनी स्वतः कलम करून वाढवलेला. हा मरू द्यायचा नाही, एवढंच काकांनी ठरवलं. बागकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ज्याला काही कळत नाही तो जे करतो तेच त्यांनी केलं, रोज पोटभर पाणी घातलं. झाड तरारलं, खालून उंच उंच फुटवे आले, काका त्यांच्याशी गप्पासुद्धा मारायला लागले. फक्त फूल काही येईना. छाटायला हवं असेल, असं वाटून ते एका सकाळी बागेच्या अवजारांच्या दुकानात गेले.

"छाटणीची कात्री द्या, टिकाऊ. आणि एक चाकू."

"किती टिकाऊ?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझ्यानंतरही राहील अशी."

"म्हणजे तक्रार घेऊन कुणी यायलाच नको. असं गिऱ्हाईक रोज मिळो!"

बाई हसल्या आणि त्यांनी काउंटरवर कात्र्या मांडल्या. पाती एकमेकांना घासून जातात ना ते बघा, मधे फट असली की फांदी कापली जात नाही, चेंगरते. स्प्रिंग सुटी मिळते का ते विचारा, कारण आधी तीच जाते. आणि रंगावर तर मुळीच जाऊ नका. चाकू कलमाचाच घ्या, एका बाजूने धार असलेला, वापरून झाला की पुसून ठेवा. मग त्यांनी काकांनी नमुन्याला आणलेली डहाळी उचलली, आणि त्यांचं हसू मावळलं.

"काका, हा खुंटाचा फुटवा आहे. ज्यावर कलम बांधतात तो खालचा रानटी गुलाब. वरचं कलम वाळत असेल."

"पण झाड तर किती छान वाढलंय."

"तेच ना. तुम्ही त्यालाच पोसलंत."

काकांनी डहाळी परत घेतली. बाईंनी मग हळू आवाजात समजावलं, की कलमावर एखादा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, हिरवा असला तर तो सालीसकट काढा. रानटी फुटव्यांतला एक ठेवा, त्याच्या सालीत तो भरा, पट्टी बांधा. हलवू नका. आणि काढलेला डोळा हातात ठेवू नका, बघता बघता सुकतो.

काकांनी मान डोलावली आणि एक कात्री, एक चाकू निवडला.

"अहो, हे दोन्ही डावऱ्यांचे आहेत. चाकूची धारही उलट्या बाजूला आहे. तुम्ही डावरे?"

"नाही," काका म्हणाले. "ती होती."

बाईंनी बदलून द्यायला हात पुढे केला, पण काकांच्या डाव्या हाताने कात्री सोडली नाही. काकांनाही जरा नवल वाटलं. दवाखान्यात शेवटी त्यांनी काकूंचा डावा हात आपल्या डाव्या हातात धरला होता, आणि नर्सने सोडवेपर्यंत तो सुटला नव्हता. आपली बोटं तेव्हापासून अवघडलीत, असं त्यांना वाटायचं.

घरी आल्यावर त्यांनी अंगणात बसून रानटी फुटव्यांवर कात्री चालवली. ज्या हाताने साधा घास कधी घेतला नव्हता तो हात सफाईने एकेक फुटवा बुडापासून उतरवत होता, आणि काका रडत होते, आणि रडताना एक फुटवा ठेवायचा होता हे राहूनच गेलं. भानावर आले तेव्हा जमिनीवर हिरवा ढीग पडला होता आणि वर कलमाची काळी पडलेली काडी उभी होती. काडीवर एक डोळा हिरवा होता. एकच.

काका थांबले असते. डाव्या हाताने थांबायचं नाव घेतलं नाही. चाकूने डोळा सालीसकट अलगद सोडवला, आणि तो हाताच्या बोटांवर, नखाएवढा हिरवा, सुकायला लागला. तो भरायला रानटी फुटवा तर कुठे उरलाच नव्हता. रस चढलेलं, जिवंत, ज्याची साल सहज सुटेल असं अंगणात दुसरं काय होतं?

काकांनी उजव्या हाताची बाही स्वतःच दुमडली. दुखलं नाही, असं ते म्हणतात.

दुपारी मुलगी आली. वडील व्हरांड्यात, खुर्चीच्या हातावर उजवा हात ठेवून निश्चल बसलेले, मनगटाच्या वर पट्टी.

"बाबा, हे काय केलंत?"

"ओरखडा आहे गं."

"पट्टी कुणी बांधली?"

काकांनी डावा हात मागे घेतला. मुलीने वाकून पाहिलं. पट्टी खालून वर गुंडाळत नेलेली, मधे बारीकशी फट ठेवलेली, टोक शेवटच्या वेढ्याखाली सारलेलं. आई कलमांना बांधायची तशीच. काकांना वाटलं, आता ही डॉक्टरला फोन करेल. मग तिने डोळे पुसले आणि खुर्ची मागच्या पायांवर धरून, धक्का न लावता, भिंतीकडे ओढली.

"थेट उन्हात नको, बाबा," ती म्हणाली. "आई सावलीत ठेवायची."

तर चला, चहाचे पैसे तुम्ही द्या. आणि जरा पटकन, कारण बायको कामावर गेलीय आणि ऊन फिरलं की सासऱ्यांची खुर्ची सरकवायची आज माझी पाळी आहे. काल दुसरं पान आलंय.