ठमीचा खुबा

आमचा दादा घड्याळजी आहे. डोळ्याला भिंग लावून तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरतो. उभ्या आयुष्यात त्याच्या हातून एक स्क्रू निसटलेला कुणी पाहिला नाही. पण तान्ह्या बाळाला तो हात लावत नाही. स्वतःचा मुलगासुद्धा धड बसायला लागेपर्यंत त्याने उचलला नव्हता. "कपडे खराब होतील ना साहेबांचे," असं वहिनी म्हणायची. खरं कारण मी होते.

मी डाव्या पायाने लंगडते. चालायला लागले तीच लंगडत. मी रांगतही नव्हते तेव्हा सात वर्षांच्या दादाने मला खाटेवरून उचललं आणि पाडलं, असं घरात सगळे सांगत. आई म्हणायची, "पडली, पण रडली नाही हो, खुदकन हसली." पुढे पाय आखूड निघाला आणि सगळ्यांच्या नजरा दादाकडे वळल्या. तेव्हापासून माझी पिशवी तो उचलतो. जिन्यात माझ्या डाव्या अंगाला तो असतो. माझं शिलाई मशीन अडलं की दुकान बंद करून धावत येतो. मीही काही कमी नाही. "दादा, पाणी आण रे, माझा पाय बघ," म्हटलं की स्वारी मुकाट्याने उठते.

तर यंदा दादाच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, मुलगी झाली. गालफुगी ठमी. पहिल्या मोठ्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तिचे पाय दुमडून बाजूला केले आणि डावीकडे थांबल्या. पुन्हा करून पाहिलं. "इथे काहीतरी खटकतंय. सोनोग्राफी करू."

डावा पाय. माझ्यासारखाच.

खोलीत अंधार केलेला होता. भाचेसुनेने ठमीला कुशीवर धरलं, दादा दाराला चिकटून उभा राहिला. बाईंनी जेलची बाटली तळहातांत चोळून कोमट केली.

"एक्स-रे का नाही?" भाच्याने विचारलं.

"हिचा खुबा अजून बराचसा कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा आहे, एक्स-रेत नीट दिसायचा नाही. सोनोग्राफीत आवाज असतो, आपल्याला ऐकू न येणारा. आत जातो, आदळून परत येतो, त्याचं चित्र उमटतं."

ठमी मूठ चोखत होती. आपल्या अंगातून काय जातंय याचा तिला पत्ताच नव्हता.

पडद्यावर आधी नुसती राख दिसली. मग एक पांढरी रेघ उजळली आणि तिच्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढं काळसर, ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ. "हा मांडीच्या हाडाचा गोळा," बाई म्हणाल्या. "आणि ही वाटी. गोळा हिच्यात हवा."

गोळा वाटीच्या काठावर, बाहेर होता. मलाही दिसला. बाईंनी गुडघा हलकेच वळवला तसा तो आत सरकला, सोडला तसा पुन्हा बाहेर. उभा जन्म कपड्याच्या आतली शिवण तपासण्यात गेला माझा, आणि इथे एका जिवाच्या आतला सांधा, एक टाकाही न उसवता, माझ्या डोळ्यांदेखत हलत होता. मला हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

"लंगडेल का हो ती?" भाचेसुनेने विचारलं. विचारताना ती माझ्याकडे चुकूनही बघत नव्हती. गुणाची पोर.

"वेळेत सापडलंय. पट्टे बांधून पाय बेडकासारखे दुमडून ठेवू. गोळा आत राहिला की वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. बहुतेक मुलं छान चालतात. नाहीच राहिला तर पुढचं बघू." मग त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली. "आजी, तुमचं कधीपासून?"

"मी पाडलं तिला," दादा दारातून म्हणाला.

"पडल्यावर खूप रडल्या? पाय हलवू देत नव्हत्या?"

"हसली होती."

मग बाईंनी माझा एक्स-रे काढायला लावला आणि उजेडासमोर धरला. उजवीकडे छान खोल वाटी होती. डावीकडे नुसती उथळ बशी, आणि गोळा तिच्याही वर सरकलेला. "ही वाटी कधी नीट झालीच नाही. पडून असं होत नाही, आजोबा. हे जन्मापासूनच असतं, घराण्यातही येतं."

बाहेर येताच दादाने सवयीने माझी पिशवी उचलली. "पण पडली होतीस तू. मला आठवतं."

मी भडकलेच. "पडले असेन! पण लंगडी मी आधीच होते रे, बाबा!"

अख्खी रांग आमच्याकडे बघायला लागली. दादाने पिशवी काही खाली ठेवली नाही.

ते पट्ट्यांचे दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. मग पुन्हा तीच अंधारी खोली, तीच राख, तीच पांढरी रेघ. आणि ते ठिपक्यांचं बटण वाटीच्या बरोबर आत. बाईंनी गुडघा दाबून पाहिला. गोळा जागचा हलला नाही. "बसला," बाई म्हणाल्या आणि भाचा ढसाढसा रडायला लागला.

बाहेर आलो तर दादा भिंतीला टेकून फरशीवर चक्क मांडी घालून बसलेला.

"अरे, बाकावर बस की!"

"नको. इथून पडली तर कुठे पडणार?" त्याने दोन्ही हात पुढे केले. "दे तिला."

भाचेसुनेने माझ्याकडे पाहिलं. "दे गं," मी म्हटलं.

तिने ठमीला पट्ट्यांसकट त्याच्या हातांत ठेवलं. घड्याळजीच्या त्या बोटांनी त्याने तिची मान अलगद सावरली. मग मान वर न करता मला म्हणाला, "किती हलकी असतात गं ही. तूही एवढीच होतीस."