गल्ल्यावरची खुर्ची

"क्लच! अहो ताई, क्लच दाबा! तो ब्रेक आहे!"

गाडीने गचका खाल्ला आणि ऐन चौकात बंद पडली. मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला. धाकटीने कपाळाला हात लावला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, पण सख्ख्या जावेला शिकवण्याइतका छळ तिने आजवर भोगला नव्हता.

"पायांकडे काय बघताय? पळून जाणार आहेत का ते? समोर बघा."

"ओरडू नकोस गं. तू ओरडलीस की मला सगळं उलटंच सुचतं," थोरली म्हणाली आणि तिने चावी फिरवली.

थोरली रोज सकाळी फिरायला जाते, असा घरात समज होता. फिरायची खरी, पण धाकटीच्या स्कूलच्या या खटारा गाडीतून. बायकांनी गाडीत मागे बसावं असं थोरल्या दिरांचं मत, म्हणून ही चोरी. आणि गंमत बघा, त्याच दिरांनी धाकटीला आपल्या फरश्यांच्या शोरूममध्ये नोकरी देऊ केली होती. आज दुकान उघडायच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं.

घरच्यांनी 'हो' कधीच ठरवून टाकलं होतं. नवरा म्हणत होता, "एसी आहे, बसून काम आहे, आणखी काय पाहिजे?" सासूबाई म्हणत होत्या, "रस्त्यावर घसा फोडण्यापेक्षा बरं." शेजारणीने तर जिन्यात गाठून अभिनंदनही केलं. जिने जायचं तिला विचारायचं मात्र सगळे विसरले होते. खरं सांगायचं तर धाकटीही कावली होती. कंबर धरायची, आवाज बसायचा, आणि स्कूलचा मालक इतका चिकट की गाडीतला बिघडलेला पंखासुद्धा बदलत नव्हता. काल झोपताना तिने मनाशी 'हो' म्हटलं होतं. सकाळी उठल्यावर तो 'हो' काही तोंडातून निघेना.

"मग काय ठरवलंस?" थोरलीने विचारलं. "ये बाई आता. किती दिवस उन्हातान्हात फिरणार?"

"आधी इंडिकेटर द्या. आणि ताई, सगळ्यांत जास्त घाई तुम्हालाच का झालीय? महिनाभर एकच टुमणं लावलंय."

थोरलीने इंडिकेटरऐवजी वायपर सुरू केला. कोरड्या काचेवर तो करकरत राहिला.

"मला सुटायचंय गं," ती एकदम म्हणाली. "लग्न झाल्यापासून गल्ल्यावर बसतेय. बहिणीकडे चार दिवस जाते म्हटलं तरी हे विचारतात, गल्ल्यावर कोण बसणार? परक्या माणसावर ह्यांचा विश्वास नाही. घरातलं कुणी आलं तरच मला सोडतील."

"म्हणजे माझी नोकरी म्हणजे तुमची खुर्ची?"

"हो."

"आणि पगार?"

"तुला देतील ना. सुरुवातीला देतील." थोरलीने गिअर बदलला. "मलाही कबूल केला होता. मग म्हणाले, घरचंच दुकान, पगार कसला मागतेस?"

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. दिरांचा राग आला, थोरलीचा आला, आणि 'हो' म्हणायला निघालेल्या स्वतःचा तर सगळ्यांत जास्त आला. "धन्य आहे तुमची! मला खड्ड्यात ढकलून तुम्ही वर येणार होतात?"

"हो," थोरली रडत म्हणाली. "दुसरं काही सुचलंच नाही मला."

आता यावर माणसाने भांडायचं तरी कसं?

"गाडी चालवताना रडायचं नाही. तो वायपर बंद करा आणि शोरूमकडे घ्या. तोंडावर सांगते त्यांना."

"मी कोपऱ्यावर उतरते. ह्यांनी बघितलं तर—"

"उतरा. मी अडवत नाही. स्टिअरिंग तुमच्या हातात आहे."

कोपरा आला. थोरलीने वेग कमी केला, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी तशीच पुढे नेली. शोरूमच्या दारात ती थांबली, जराशी तिरकी, पण गचका न देता.

थोरले दीर शटर वर करत होते. त्यांनी वळून गाडीकडे पाहिलं, मग स्टिअरिंगमागे बसलेल्या बायकोकडे.

"हे काय नवीन खूळ?" बायकोच्या उत्तराची वाट न बघता ते धाकटीकडे वळले. "तुझं काय ठरलं?"

"मी येत नाही, भाऊजी. माझं काम मला बरं आहे."

"नुकसान तुझंच आहे. बस आयुष्यभर बोंबलत." मग बायकोला म्हणाले, "चल, उतर. गिऱ्हाईक येईल आता."

थोरलीने हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली.

"रागावलीस?" तिने हळूच विचारलं.

"प्रचंड. उद्या रिव्हर्स शिकायचाय. उशीर करू नका."

थोरली उतरली आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सातला येते." मग ती आत गेली. दिव्यांची बटणं लावली, गल्ल्यावरची धूळ पुसली आणि खुर्चीत बसली. आपल्या 'नाही'मुळे ती तिथे आणखी अडकली, हे धाकटीला काचेतून बघताना कळत होतं. फार वाईट वाटत होतं, आणि तरी उत्तर बदलावंसं वाटत नव्हतं.

ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली. बुटक्या थोरलीने सीट पार पुढे ओढली होती. धाकटीचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट मागे ढकलायला तिने हात खाली घातला, क्षणभर थांबली आणि हात काढून घेतला. तशीच अवघडून बसत तिने गाडी सुरू केली.