टॉवर नऊवरून सातवर

त्र्याण्णव सालच्या चैत्रात जळगावच्या टीव्ही टॉवरचं चॅनेल बदललं आणि आमचं अख्खं भडगाव घरांच्या सपाट छपरांवर, धाब्यावर चढलं. पेपरात दोन ओळी आल्या होत्या. सोमवारपासून प्रक्षेपण नऊ नंबरऐवजी सात नंबरच्या चॅनेलवरून होईल. बस, एवढंच. पुढे माणसांनी काय करायचं ते ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं ठरवायचं होतं, आणि अकलेचा तर आमच्या गल्लीत सुकाळ.

मी एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेला माणूस. आयुष्यभर कर्ण्यावरून ओरडत आलो, "पाचोरा गाडी तीन नंबरऐवजी एक नंबरच्या फलाटावर लागेल." असं ओरडलं की माणसं बोचकी उचलून एक नंबरकडे पळायची. तेव्हा नंबर बदलला म्हणजे जागा बदलली, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. टॉवर सरकला असणार, नाहीतर त्याचं तोंड फिरलं असणार. म्हणजे अँटेना फिरवली पाहिजे. गल्लीतल्या चौघांनी मला विचारलं, त्यांनाही मी हेच सांगितलं. कंट्रोलरचा शब्द म्हणून त्यांनीही आपापल्या अँटेना फिरवल्या. माझा स्वभावच असा आहे. माहीत नसलं तरी मी ठणकावून सांगतो.

अँटेना बसवायची तर दोन माणसं लागतात. एकानं धाब्यावर पाईप फिरवायचा, दुसऱ्यानं खाली टीव्हीसमोर बसून सांगायचं. आमच्याकडे वर मी आणि खाली बेबा, माझी बायको. टीव्ही घेतला तेव्हापासून आठ वर्षं हेच. वादळ झालं, माकडं नाचून गेली, की मी शिडी लावायचो. पाईप बोटभर फिरवला की ओरडायचो, "आलं का?"

"नही!"

"आता?"

"उनं! उनं! उतरा आते खाले!"

चौदा पायऱ्या उतरून मी घरात येऊन बघायचो, तर अर्धं चित्र आणि अर्ध्या मुंग्या. बातम्या देणाऱ्या बाईला एकच कान. मी पेटायचो. "याला आलं म्हणतेस? डोळे आहेत की भोकं?"

"बातम्या आयकू येतस ना? मंग?" असं म्हणून ती भाकरी टाकायला जायची. तिच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भडगाव जळगावपासून लांब, त्यात बाजूच्या प्रेमचंदशेठनं दोन वर्षांपूर्वी मजला चढवला तो नेमका आमच्या अँटेनाच्या तोंडासमोर. त्यावरून मी शेठला भर गल्लीत नको ते बोललो आणि त्या घराशी बोलणं टाकलं. बेबानं टाकलं नाही. ती आणि शेठची बायको राजकुंवर दुपारी कुंपणापाशी उभ्या राहून काय बोलत असत, मी कधी विचारलं नाही.

टीव्हीचं मोठं बटण मात्र बेबाचं खातं. घेतला त्याच वर्षी मी ते कटकट करत फिरवलं होतं आणि पूर्ण संध्याकाळ चित्र गेलं होतं. तेव्हापासून तिनं बटणाच्या फटीत घडी केलेला कागद घातला, वर विणलेलं झाकण ओढलं आणि मला बजावलं, "वरलं तुम्ही दखा, खाललं मी दखसू." ते मी आठ वर्षं पाळलं. घरात तिचं ऐकलेलं बहुतेक तेवढंच.

या चैत्राआधीच्या कार्तिकात ती गेली. तीन दिवसांचा ताप, पाचोऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मुलगी सुरतेहून आली, दहावं-तेरावं करून आपल्या संसारात परत गेली. ती 'बाबा, चला' म्हणाली, मी 'मला कोणाची गरज नाही' म्हणालो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं माझं.

गरज होती. सकाळी उठलो की टीव्ही लावायचो, तो झोपेपर्यंत चालू. बघायचं काही नसायचं. पण घरात कोणीतरी बोलत असलं पाहिजे. भाकरी थापताना मागे आवाज असला म्हणजे भाकरी तरी गोल व्हायची. तो आवाज बंद असला की ताटली ठेवल्याचा आवाजसुद्धा अंगावर यायचा. एकदा मी उगाचच बसच्या वेळा मोठ्यानं म्हटल्या आणि माझाच आवाज ऐकून घाबरलो. म्हणून सांगतो, सोमवारी पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या आणि कढईत तेल तापल्यासारखी चरचर सुरू झाली, तेव्हा मी तडक शिडी लावली.

मी धाब्यावर चढलो. आजूबाजूच्या प्रत्येक धाब्यावर कोणी ना कोणी होतं. "आलं का रे?" "नही रे भो!" "आते?" "गयं, गयं!" सगळ्या गल्लीत हाका. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी होतं. मी पाईप फिरवला आणि सवयीनं ओरडलो, "आलं का?" ओरडल्यावर कळलं. शेजारच्या धाब्यावरचा उखर्डू माझ्याकडे बघत होता, त्यानं मान फिरवली.

मग मी एकट्यानं करायचं ठरवलं. पाईप बोटभर फिरवायचा, चौदा पायऱ्या उतरायच्या, बघायचं, मुंग्या, पुन्हा चौदा पायऱ्या चढायच्या. सोमवारी अकरा वेळा, मंगळवारी सोळा वेळा. मंगळवारी दुपारी राजकुंवरभाभी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी पदर सावरून हाक दिली, "भाऊसाहेब, खाली कोणी नाही का? मी येऊ सांगायला?"

"काही गरज नाही," मी म्हणालो आणि वाकडा गुडघा सरळ असल्यासारखा उतरून गेलो. बुधवारी अँटेना जळगावकडून पार चाळीसगावकडे वळली होती आणि मुंग्या होत्या तेवढ्याच होत्या.

गुरुवारी सकाळी बाजारात निंबाच्या दुकानी गेलो. निंबा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. मी म्हणालो, टॉवर नक्की कुठे सरकवला ते सांग, म्हणजे एकदाच नीट फिरवतो. निंबानं हातातलं काम खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

"आबा, टॉवर जठे व्हता तठेच शे. बठ्ठा गावनी अँटेना फिराई टाक्यात! टीव्हीनं बटन फिरावा, बटन. नऊवरनं सातवर. सकायपासून तुम्ही सतरावा शेतस. तुमनी गल्लीना चार जण तर म्हणतस, कंट्रोलरनीच सांगं."

काखेत कळसा नि गावाला वळसा. मी घरी आलो. टीव्हीवरचं विणलेलं झाकण सारलं, फटीतला कागद काढला. दोनदा कट-कट केलं. चरचर थांबली आणि एक बाई बोलू लागली. शब्द कळत नव्हते, चेहरा पाण्याखाली असावा तसा, पण बाई होती. आनंद झाला, पण घोटभर पाणी पिऊन होईपर्यंतच टिकला.

कारण मग लक्षात आलं. अँटेना बरोबरच होती. बेबानं शेवटचं 'उनं' म्हटलं तिथे ती कार्तिकापासून उभी होती आणि तिला हात लावायची काही गरज नव्हती. तिच्या आवाजानं थांबवलेली तेवढी एक जागा घरात उरली होती, ती मी माझ्या शहाणपणानं तीन दिवसांत पुसून टाकली. पाईपावर खूणसुद्धा केली नव्हती. करायची कशाला? सांगायला ती असायचीच. मला रडू आलं. सरळ सांगतो, टीव्हीसमोर खाली बसून रडलो.

संध्याकाळी पाचला मी तोंड धुतलं, टोपी घातली आणि प्रेमचंदशेठच्या दारात जाऊन उभा राहिलो. शेठ दुकानात होते. राजकुंवरभाभी बाहेर आल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "भाभी," मी म्हणालो, "खाली कोणी नाही. सांगायला याल का?"

त्यांनी चपला घातल्या आणि आल्या. बेबा बसायची तिथेच, दाराकडे तोंड करून, टीव्हीसमोर बसल्या.

मी वर गेलो. पाईप परत जळगावकडे आणला आणि बोटभर फिरवून ओरडलो, "आलं का?"

"नाही."

"आता?"

"थोडं. अजून नाही."

पुन्हा फिरवला. "आता?"

"माणूस दिसतो. पण नाही भाऊसाहेब, अजून पाहिजे."

बेबानं एव्हाना तीनदा उतरा म्हटलं असतं. या बाई काही हलेनात. मी अंदाजानं जुन्या जागेच्याही पुढे गेलो, शेठच्या मजल्याची कड सुटली, तरी खालून 'अजून'. ऊन पाठीवर होतं, गुडघा लटपटत होता, एकदा पाय घसरला तसा पाईपालाच धरून उभा राहिलो. पावणेसहाला खालून आवाज आला, "आलं! आता पूर्ण आलं!"

मी उतरून आत आलो आणि दारातच थांबलो. पडद्यावर एकही मुंगी नव्हती. बाईला दोन्ही कान होते, कानात कुड्या होत्या, पदराचे काठ मोजता आले असते. आठ वर्षांत असं चित्र त्या टीव्हीवर मी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे हे येत होतं," मी म्हणालो. "तिला दिसतच नव्हतं. अर्ध्या चित्रालाच आलं म्हणायची."

राजकुंवरभाभी उठता उठता थांबल्या. "दिसत होतं हो तिला," त्या म्हणाल्या. "मला सांगायची ना. म्हणायची, भाभी, पूर्ण चित्र यायची वाट बघत बसले तर माणूस वर उन्हात, गुडघा असला, पाय सरकला तर काय करू? थोडं दिसलं, ऐकू आलं, की मी उनं म्हणून टाकते. खाली येतात, ओरडतात. ओरडू द्या म्हणायची. खाली तर आले."

त्या गेल्या. मी खुर्चीवर बसलो. मी तिला आंधळी म्हणत होतो. पाहुण्यांसमोर म्हणत होतो, मुलीसमोर म्हणत होतो. आणि ती आठ वर्षं, मी सुखरूप उतरावं म्हणून, मुंग्या बघत बसली आणि वर माझ्या शिव्या खात बसली.

टीव्ही स्वच्छ बोलत होता. घरात आवाज हवा होता, तो मिळाला होता. मला तो नको झाला. "बेबा," मी मोठ्यानं म्हणालो, "चुकलं माझं." चौतीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदाच म्हटलं, आणि ऐकायला घरात फक्त ती बातम्या देणारी बाई होती.