पावणेतीन तासांचा प्रवास

स्नेहलताचं विमान नैरोबीहून रात्री साडेअकराला सुटलं, तेव्हा इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला सकाळचे साडेआठ झाले होते. भावाकडे पंधरा दिवस राहून ती आमच्या मुलीकडे, सिद्धीकडे, घानातल्या आक्र्याला चालली होती. तिकिटावर उतरायची वेळ सव्वादोन. म्हणजे पावणेतीन तास.

आदल्या दिवशी तिने फोनवर विचारलं होतं, "अहो, खायचा डबा जवळ ठेवू की मोठ्या बॅगेत टाकू?"

तिला रात्री इन्सुलिन असतं. मागे दोनदा साखर एकदम उतरून ती घामाघूम झाली होती. हे ठाऊक असूनही मी म्हणालो, "पावणेतीन तासांसाठी हातात ओझं कशाला?" मला सहसा कोणी काही विचारत नाही, त्यामुळे जरा जास्तच ठामपणे म्हणालो असेन.

सव्वाअकरा वाजले. पोचल्याचा फोन नाही. साडेअकराला दूध आणायला डेअरीवर गेलो आणि दूध न घेताच परत आलो. ॲटलास उघडून पट्टी लावली. चार हजार दोनशे किलोमीटर. पुन्हा लावली, तेवढेच.

सून स्वानंदी फार्मसिस्ट आहे, त्या दिवशी घरी होती. तिला विचारावं की नको, यात आणखी दहा मिनिटं गेली.

"चार हजार दोनशे किलोमीटर पावणेतीन तासांत?" ती हसली. "बाबा, विमान आहे की रॉकेट? आक्रा नैरोबीच्या तीन तास मागे आहे. पावणेसहा तास लागतात. आई अजून हवेतच आहेत."

मी दोन्ही शहरांना एकच घड्याळ धरलं होतं, आपण मुंबईला आणि गुवाहाटीला धरतो तसं. पुण्याला फोन करताना रोज तास मोजणारा मी!

"डबा," मी म्हणालो, "मी तिला मोठ्या बॅगेत टाकायला लावला."

स्वानंदीचं हसू थांबलं. "सिद्धीताईला फोन करा. ज्यूस घेऊन जाऊ दे. आणि तुम्हीच करा, बाबा."

केला. सगळं सांगितलं. सिद्धी एवढंच म्हणाली, "बरं, लवकर निघते."

त्यानंतरचे अडीच तास मी खिडकी आणि खुर्ची यांच्यामध्ये काढले. तीनला दहा कमी असताना फोन वाजला.

"पोचले." स्नेहलताचा आवाज बारीक होता. "हात थरथरायला लागले होते हो. शेजारच्या बाईने बिस्किटं दिली म्हणून निभावलं."

"चूक माझी. मी वेळ..."

"ते मला वरच कळलं. तीन तास झाले तरी विमान खाली येईना. परतीचं मात्र मी स्वानंदीला विचारीन."

"बरं," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला होता की सिद्धीच्या हातात दिला होता, कळलं नाही. मी तो आणखी थोडा वेळ कानाशी धरून राहिलो.