एकवीस दिवस भाकरी कुणी थापली?

गुरुजी, तुम्ही तो कागद वाचला होता. चष्मा पुसून दोनदा वाचला होता. मग नीट घडी घालून माझ्या हातात दिलात आणि माझ्या तोंडावर खोटं बोललात. तुमचं नाव मी इथं घेत नाही. आमच्या किकवी गावात ज्याला कळायचं त्याला कळेल.

बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगते.

हिर्डोशीच्या वर, घाटाच्या बाजूला, डोंगरात एक मठ होता. तिथं दर एकविसाव्या दिवशी तागडी लागायची. भात मोजतात तसली मोठी, दोन साखळ्यांची. एका पारड्यात पोर, दुसऱ्या पारड्यात नारळ. भोरहून येणारी एसटी त्या दिवशी दाराला माणसं लोंबकळत यायची. दोन हजार दोनच्या दिवाळीआधी त्या पारड्यात माझी शेफाली बसली होती. वय वर्षं सहा.

"आली तवा किती नारळांची हुती?" महाराज ओरडले.

"चोवीस!" गर्दी म्हणाली.

"आन् आज?"

"बत्तीस!"

"एकवीस दिवसांत आठ नारळ! कुठल्या डागदरानं केलं? कुठल्या सुईनं केलं? अरं, डागदर सुई टोचतो, आमी नुसती नजर टाकतो! डागदर रगत काढतो, आमी रगत भरतो!"

टाळ वाजले, गुलाल उडाला. माझ्या सासूबाई, बाळाबाई, महाराजांपुढं आडव्या पडल्या. मीसुद्धा रडले, महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं. हे लपवत नाही. पोरीच्या गालावर दीड वर्षानं रंग दिसत होता. तुमची पोर असती तर तुम्हीही ठेवलं असतं.

त्याआधीचं दीड वर्ष असं होतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्यांसारखे, दिवसातून सहा वेळा परसाकडं. चिडचिड इतकी की वेणी घालू द्यायची नाही. मी काय करायचे? जीव टाकायचे तिच्यावर. आम्ही मोठी माणसं भाकरी खायचो. गहू घरात यायचा तो फक्त शेफालीसाठी. आजारी पोराला कुणी भाकरी घालतं का? दुधात कुस्करलेली चपाती, रव्याची खीर, चहात बिस्कीट. शेजारणी म्हणायच्या, "लई जपतीस गं पोरीला."

भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. पुण्यात रक्त घेतलं, घशातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. दहा दिवसांनी रिपोर्टला या म्हणाले. माझ्या मालकांना, कुंडलिकरावांना, कंपनीतून रजा मिळेना. गावातला हनीफ टेम्पो घेऊन पुण्याच्या मार्केटला जायचा. त्यानं वाट वाकडी करून पाकीट आणून दिलं. डॉक्टर भेटले नाहीत, पण आत सगळं लिहिलंय असं तिथल्या बाईनं त्याला सांगितलं होतं.

आत तीन पानं. सगळी इंग्रजी. मी सातवीपर्यंत शिकलेली, तीही मराठीत. गावात खात्रीनं इंग्रजी वाचणारा माणूस एकच. शाळेचे हेडमास्तर आणि मठाच्या सेवा समितीचे अध्यक्ष. तुम्ही.

"जंत आहेत," तुम्ही म्हणालात. "अंगात रक्त कमी आहे. टॉनिक लिहिलंय."

"एवढंच? तीन पानं हाईत की, गुरुजी."

"डॉक्टर लोक पाल्हाळ लावतात. तू पोरीला मठात ने. मी महाराजांना चिठ्ठी देतो."

ती चिठ्ठी चार घड्यांची होती. हिर्डोशीच्या फाट्यावर उतरून मठापर्यंत अडीच तास मी ती मुठीत धरून चालले. एकदाही उघडली नाही. गुरुजींची चिठ्ठी कुणी उघडतं का?

बत्तीस नारळांची शेफाली घरी आली. मी आनंदानं पुरणपोळी केली. रोज चपाती, रोज तूप. महिन्याभरात पोट पुन्हा नगारा. मी धावत तुमच्याकडं आले होते, आठवतंय? तुम्ही वह्या तपासत होता.

"श्रद्धा कमी पडली असेल," मान वर न करता तुम्ही म्हणालात.

पुन्हा मठ, पुन्हा एकवीस दिवस, पुन्हा गालावर रंग. पुन्हा घर, पुन्हा परसाकडं. तेव्हा महाराजांनी गर्दीसमोर डोळे मिटले, उघडले आणि बोट माझ्याकडं केलं.

"हिच्या हाताला दोष हाय! ज्या हातानं पाळना हलवला त्याच हातानं ही इख कालवती!"

घरी सासूबाईंनी चूल हातात घेतली. चपात्या त्या लाटायला लागल्या. पोर तशीच आजारी. चुकलं म्हणावं की नाही महाराजांनी? छे. "सुनेची सावली पडती चुलीवर," निरोप आला. असल्या माणसाला हरवता येत नाही. पाऊस पडला तरी त्याचा, नाही पडला तरी त्याचा.

मग निकाल लागला. शेफालीनं बारा वर्षांची होईपर्यंत मठात राहायचं. आईनं तोंड दाखवायचं नाही.

"सा वर्सं?" मी मालकांना म्हणाले. "आपली पोर हाय ती."

"जिती ऱ्हायली तर आपली," ते म्हणाले. पोरीच्या कपड्यांचं गाठोडं बांधायला घेतलं. "तुझ्या हातचं खाऊन मरती, हे म्या डोळ्यांनी बघतोय. तूबी बघतीस."

मी बघत होते, हेच तर खरं. माझ्या हातचं खाल्लं की ती आजारी पडत होती. रात्रंदिवस मी माझे हात बघायचे. राखेनं घासायचे, लिंबानं घासायचे.

त्यांनी शेफालीला तिसऱ्यांदा मठात सोडलं. त्याच दिवशी मी मार्गासनीला माहेरी जाते म्हणून सांगितलं आणि मागल्या वाटेनं मठाच्या मुदपाकखान्यात गेले. तिथं साळूबाई नावाची म्हातारी स्वयंपाक करायची. आधीच्या दोन फेऱ्यांत पोरीला सोडताना-आणताना ओळख झालेली. तिचं मनगट लचकलं होतं.

"साळूमावशी, भाकऱ्या थापू लागते. कुणाला सांगू नका. लांबून पोर दिसंल तेवढीच."

"थाप बया," ती म्हणाली. "चुलीकडं बाप्या माणूस फिरकतोय कुठं. महाराज देव दावत्यात, पन चूल कुठं हाय त्ये त्यास्नी म्हाईत न्हाई."

कामाला लागले. तिथं रोज दोन तऱ्हेचं शिजत होतं. आजारी म्हणून आणलेल्या बाकीच्या पोरांना शिरा, गव्हाची लापशी. शेफालीच्या ताटात मात्र नाचणीची भाकरी, भात, आमटी.

"हिलाच शिरा का न्हाई?"

"पयल्या दिसापासनंच तसं हाय. महाराज म्हनले, या पोरीच्या तोंडाला गव्हाचा कन बी लागता कामा नये. लागला तर तुला हाकलीन." साळूबाईनं नाचणीच्या पिठाचा डबा माझ्याकडं सरकवला. "तू आनल्याली चिठ्ठी वाचून म्हनले आन् दिली फेकून. म्या उचलून डब्यात ठिवली. कागद म्हंजी सरस्वती, पायदळी कशी येऊ द्यावी? आन् चुलीत तरी कशी घालावी?"

डब्याच्या तळाशी चार घड्यांचा कागद होता, पिठानं माखलेला. तुमचं अक्षर फळ्यावर बघून गावातली दोन पिढ्यांची पोरं शिकली. मराठीत होतं, गुरुजी. मला वाचता येत होतं.

"या मुलीस गव्हाचा पदार्थ अजिबात देऊ नये. एकवीस दिवसांत निश्चित फरक दिसेल. पालकांस काही बोलू नये."

मी पीठ मळत होते ते तसंच राहिलं. साळूबाई म्हणाली, "काय गं, काय लिव्हलंय?" मी कागद झटकून कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भाकऱ्या उरकून मी भोरला उतरले. हनीफची बहीण फौजिया तिथं एका दवाखान्यात नर्स होती. पुण्याची तीन पानं मी पोलक्यात घालूनच हिंडायचे. तिनं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे कुणी वाचून दाखवलं न्हाई तुमाला? सिलियाक म्हणतात याला. कणीक ओढली की ताणते ना? तो चिकटपणा ज्याचा, ते हिच्या आतड्याला सोसत न्हाई. आतली झालरच झडून जाते, मग खाल्लेलं अंगी कसं लागंल? हितं ठळक लिवलंय. गहू, रवा, मैदा, बिस्कीट जन्मभर बंद. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी चालंल. बास."

"औषध?"

"ह्येच औषध. तुमची भाकरी."

मी दवाखान्याच्या बाकावर बसले. ज्या भाकरीला मी हलकं समजून पोरीपासून लांब ठेवलं, तीच. फौजिया म्हणाली, आत्ताच जाऊन पोर घेऊन या. पण इंग्रजी कागद नाचवून माझं कोण ऐकणार होतं? अख्ख्या गावाच्या लेखी माझा हात बाटलेला होता. तो हात मला सगळ्यांसमोर धुऊन घ्यायचा होता. मी दुपारच्याच एसटीनं, संध्याकाळच्या भाकऱ्यांच्या आत, परत मठात गेले.

एकवीस दिवस. सकाळ-संध्याकाळ. पोरीच्या ताटातली एकूण एक भाकरी मी थापली, भात मी शिजवला. ताट साळूबाई न्यायची. चौकटीआडून मी बघायचे. ती हसायला लागली होती.

एकविसाव्या दिवशी तागडी लागली. मालक, सासूबाई, निम्मं किकवी. ओट्यावर महाराज आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या टोपीत तुम्ही.

"बत्तीस!" गर्दी ओरडली.

"आईचा हात लांब ठिवला, म्हनून बत्तीस!" महाराज गरजले. "हाय का कुनाला शंका?"

"मला हाय," मी म्हणाले आणि मुदपाकखान्यातून बाहेर आले. कोपरापर्यंत नाचणीचं पीठ होतं. "हे एकवीस दिवस भाकरी म्या थापली. ह्याच हातांनी. इचारा साळूमावशीला."

"व्हय," साळूबाई म्हणाली. "एक भाकर बी माजी न्हाई त्यात. माजं मनगाट बघा."

महाराजांनी हात वर केला. मग म्हणाले, "मठाच्या चुलीनं दोष जाळला!"

"मग हातात दोष हाय म्हणून आत्ता कशाला वरडत हुता? जळलेला तुमच्या नजरंला दिसला न्हाई?"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मी पारड्यातला एक नारळ उचलून कानापाशी हलवला. आत गोटा खुळखुळला. "पयल्या दिवशीचं नारळ पाण्यानं भरल्यालं, शेवटच्या दिवशीचं वाळकं. हलकं नारळ जास्तच लागणार. पोर वाढली किलोभर आन् महाराज वाढलं आठ नारळांनी."

मग मी ती चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली. कुणाची ते सांगायची गरज पडली नाही. सगळ्यांच्या माना तुमच्याकडं वळल्या. तुम्ही ओट्यामागं चपला शोधत होता.

शेफाली पारड्यातून उतरून आली आणि माझ्या कमरेला बिलगली. "म्या दुसऱ्याच दिवशी वळाखलं हुतं," ती म्हणाली. "आयच्या भाकरीला कडंला चिमटा असतो. म्या कुणाला बोलले न्हाई. बोलले असते तर भाकर बंद झाली असती."

सासूबाईंनी माझे पिठाचे हात हातात घेतले. मालक बाजूला जाऊन तोंड धूत राहिले, बराच वेळ.

सगळे पालटले असं नाही. येताना एसटीत दोन बाया म्हणाल्याच, महाराजांशी वैर घेतलंन्, आता भोगंल. त्याला आता तीन वर्षं झाली. भोगतेय हे की गिरणीत गव्हावर दळलेलं पीठ चालत नाही, म्हणून घरी जात्यावर दळते. लग्नाच्या पंगतीला पोरीचा डबा नेते, हिंगातही गव्हाचं पीठ असतं, तोसुद्धा विचारून घेते. शेफाली नऊ वर्षांची आहे आणि मला पळताना सापडत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमचं पोर कुठं जाऊन बरं झालं तर आधी बघा, काय काय बदललं. अंगारा बदलला, जागा बदलली, का ताट बदललं? एकेक धरून तपासा. आणि डॉक्टरचा कागद एकाच माणसाकडून वाचून घेऊ नका, मग तो कितीही पूज्य असो. मठात शिरा खाऊन त्या तीन फेऱ्यांत किती पोरं तशीच परत गेली, ती कुणी मोजली नाहीत. तागडीत फक्त माझी बसवली.

महाराज लबाड होता. त्याचा तो धंदा. त्याच्याकडून मला उत्तर नको. गुरुजी, तुम्ही शिकलेले होता. अजून त्याच खुर्चीत आहात, माझी मुलगी तुमच्याच शाळेत चौथीत आहे. सव्वीस जानेवारीला तुम्ही तिला बिस्किटाचा पुडा दिलात. तिनं तो तुमच्या टेबलावर परत ठेवला. घरी येऊन मला विचारलं, "गुरुजींना म्हाईत हाय ना गं, मला चालत न्हाई? मग का दिलं?"

मलाही तेच विचारायचं आहे. जी एक ओळ तुम्ही त्याला लिहिलीत, ती मला का सांगितली नाहीत? मी दारात उभी होते. पोर कडेवर होती. का?

उत्तर लेखी द्या. मराठीत द्या. मी स्वतः वाचणार आहे.