आरिया

मगदल्ल्याच्या खाडीकाठी लाकडी चौकटीला दोन टोकांच्या दोन दोरांनी टांगलेली जुनी बोट पुन्हा एका अंगाला कलली आणि रमण टंडेलांनी शिट्टी वाजवली.

"लोटू! मी 'आरिया' म्हटलं की आधी तू 'आरिया' म्हणायचं, मग दोर सोडायचा. नुसता हात काय वर करतोस? जोडीदाराची पाठ तुझ्याकडे. त्याला काय मागे डोळे आहेत?"

आरिया म्हणजे खाली सोडा. लोटूला ते पाठ होतं, पण तोंडातून आवाज निघत नव्हता. पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, त्याचं सगळं तरुणपण गेलं होतं. तिथल्या खडखडाटात कोणी ओरडत नाही, सगळं हातानं चालतं.

"रविवारी मुंबईहून परीक्षक येतायत," टंडेल म्हणाले. "असाच मुका राहिलास तर नापास. मग जहाज विसर, लूमवरच राहा."

टंडेल जन्मभर जहाजांवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. दोराला कधी हात न लावलेली माणसं जहाजावर चढतात आणि जीव गमावतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी हा वर्ग काढला होता.

घरी बायकोनं, रंजनानं ऐकलं आणि ती हसत सुटली. "घरमा तर तुना आवाज शेजारले बी ऐकू येस!"

दुसऱ्या दिवशी लोटू पाळीवर होता. मान वळवली तर कारखान्याच्या दारात टंडेल! ते काहीतरी बोलले, लोटूला ओठ हललेले तेवढे दिसले. टंडेल तिथंच उभे राहिले. कोणी हात उंचावला की सुताची बॉबिन येते, कोणी तळवा फिरवला की मशीन थांबतं, हे ते बारकाईनं बघत राहिले. इतक्या वर्षांत एकाही शेठनं असं उभं राहून कामगारांचं काम पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी खाडीवर टंडेल रागावले नाहीत. "आज तू जोडीदाराच्या जागी," एवढंच म्हणाले आणि लोटूच्या जागी स्वतः उभे राहिले.

लोटू पाठ करून दोर धरून थांबला. मागून आवाज आला नाही. एकदम बोट टंडेलांच्या बाजूला कलली, त्या झटक्यानं हातातला दोर सरकला आणि तळहात सोलला.

"अरे, सांगायचं तरी!" तो किंचाळला.

"सांगितलं की. हात वर केला होता."

लोटू तळहाताकडे बघत राहिला. मग आपल्या जागी गेला.

"जहाजावर इंजिनाच्या खडखडाटात तुझे इशारे लागतील. ते तू वर्गातल्या सगळ्यांना शिकव," टंडेल म्हणाले. "इथं मात्र गळा पाहिजे."

रविवारी परीक्षक वही उघडून उभे राहिले. टंडेलांनी हुकूम दिला.

"आरिया!" लोटूनं असा आवाज दिला की खाडीतले बगळे उडाले. जोडीदाराचा आवाजही लगेच आला. बोट सरळ, सावकाश उतरली आणि पाण्याला टेकली. परीक्षकांनी मान हलवून 'पास' लिहिलं, तरी लोटूचं 'आरिया' चालूच होतं.

"बस हवे, पुरे आता," टंडेल डोळे पुसत हसले. "खाडीपलीकडे हजिऱ्याला पण ऐकू गेलं."